चौदा आणि पंधरा नंबरमधली भिंत

१

दोन वर्षं आमचे रविवार घरं पाहण्यात गेले. सकाळचा नाश्ता झाला की संदीप मोटारसायकल पुसायचे, मी तोंडाला ओढणी बांधायची आणि आम्ही निघायचो. सौंसरचा एखादा कोपरा पाहायचा राहिला असेल तर मला आठवत नाही.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा जमिनीचे भाव असे चढले की लोकांनी संत्र्याच्या बागा तोडून प्लॉट पाडले. वर्षभरात घरं उभी राहिली. घेणारे मात्र आले नाहीत. भाव उतरू लागले आणि आमच्यासारख्यांची पंचाईत झाली. आधी परवडत नव्हतं म्हणून भाड्यानं राहत होतो. आता परवडेल असं वाटत होतं, तर संदीप म्हणायचे, "आज घेतलं अन् सहा महिन्यांनी आनखी पडलं तं? जन्मभराची कमाई एका भिंतीत गाडल्यासारखी होईन."

ते नगरपालिकेच्या पाणी विभागात आहेत. मी लोधीखेड्याच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. आम्हाला मूल नाही. घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, पुष्पाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, साखर वाढलेली, म्हणून ऑपरेशन लांबत होतं. माणूस त्या आवाजावरून ओळखायच्या, पायाच्या चाहुलीवरून ओळखायच्या.

त्या डिसेंबरात आमच्या घरमालकानं खोल्या रिकाम्या करून मागितल्या. दुसरी जागा शोधायला गेलो की लोक आधी नाव विचारत, मग आडनाव, आणि आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कोणाला तरी दिलेली असे. आम्हाला त्याची सवय होती. संदीप बाहेर आल्यावर फक्त गाडीला किक जरा जोरात मारायचे.

म्हणून यशवंतरावांनी आडनाव विचारलंच नाही, हे मला फार मोठं वाटलं. पांढुर्ण्याच्या रस्त्यावर त्यांच्या बागेच्या जागी त्यांनी बावीस घरं बांधली होती. लोकही त्या जागेला 'बावीस घरं'च म्हणत. त्यांतली पाच भरली होती.

"घाई नका करू," ते म्हणाले. "चौदा नंबरमधी भाड्यानं राहून पाहा. पटलं तं घ्या, नाई पटलं तं सोडा."

भाड्यानं राहायचं आणि भाव पाहत बसायचं. संदीपना याहून चांगलं काय हवं होतं?

२

घर चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं धुण्याची जागा. उजेड भरपूर. घरं जोडीनं बांधलेली होती. चौदा आणि पंधरा नंबरमध्ये एकच भिंत, आणि पंधरा नंबर आमच्या घरासारखंच, फक्त उलटं. आमचं स्वयंपाकघर त्या भिंतीच्या अलीकडे, त्यांचं पलीकडे. त्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. पंधराला कुलूप होतं.

आईंची बसायची जागा आम्ही स्वयंपाकघरातच केली, त्या भिंतीशी. दुपारी ती भिंत गार असायची. मी सकाळी नऊला निघायची, संदीप त्याआधीच. दुपारी दोन वाजता ते जेवायला येऊन आईंना वाढायचे आणि परत जायचे. मी साडेपाचला घरी. तोवर आई एकट्या.

जानेवारीत एका संध्याकाळी मी पर्स खुंटीला अडकवत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाजूची बाई विचारून राहिली होती, तुमच्या सुनेचं माहेर कोनतं म्हनून."

"कोणती बाई, आई?"

"ही काय, पलीकडची." त्यांनी मागं न पाहता भिंतीवर हात ठेवला. "चांगली आहे बिचारी. हळू बोलते."

मी म्हटलं, "तिकडे कोणी राहत नाही, आई. कुलूप आहे."

"मंग कोनी आलं असन," त्या म्हणाल्या आणि लसूण सोलू लागल्या.

मी विचार केला: बारा नंबरची बाई गच्चीवर येत असेल, तिचा आवाज मोकळ्या घरातून घुमत असेल. रिकाम्या जागेत आवाज कुठून कुठे जातो सांगता येत नाही. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे तर आमच्या न्हाणीघरातून आल्यासारखे वाटायचे. मी तो विषय तिथेच सोडला.

आईंनी सोडला नाही. रोज संध्याकाळी काहीतरी असायचंच. बाजूच्या बाईनं हे विचारलं, बाजूच्या बाईला ते सांगितलं. दिवसभर एकट्या बसणाऱ्या माणसाला कोणीतरी भेटलं, म्हणून संदीपना बरंच वाटत होतं. "असू दे ना," ते म्हणाले. "मनानं बनवलेली असन, तरी सोबत तं आहे."

३

पुढच्या रविवारी मी पंधरा नंबरच्या मागच्या बाजूला गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी होती, काच बसवायची राहिली होती. मी हातानं उजेड अडवून आत पाहिलं.

ओटा, नळाची तोटी नसलेला पाइप, कोपऱ्यात सिमेंटची दोन पोती, दगड झालेली. फरशीवर धुळीचा थर, पिठासारखा, एकसारखा. त्यावर मांजराचं पाऊलसुद्धा नव्हतं. दारापासून खिडकीपर्यंत कुठेच काही उमटलेलं नव्हतं.

फक्त आमच्या भिंतीशी, एक माणूस टेकून बसेल एवढी फरशी स्वच्छ होती. पुसलेली नव्हे. बसून बसून जोत्याचा दगड जसा होतो, तशी. भिंतीवरही पाठीच्या उंचीला चुना जरा काळवंडला होता. बरोबर तिथंच अलीकडून आमच्या आई बसायच्या.

मी उभी राहून हिशेबानं विचार केला. औषधं देणाऱ्या माणसाला तशी सवय असते. वरून पाणी गळलं असेल, तेवढी जागा ओली राहिली असेल, तिथं धूळ बसली नसेल. ओल भिंतीवर चढली असेल, म्हणून डाग. सगळं जुळत होतं. पण मी वर पाहिलं तर छत कोरडं होतं, आणि कोणी तिथं रोज येऊन बसत असेल तर चालत येत नव्हतं.

घरी येऊन मी आईंना म्हटलं, "तुमची जागा पुढच्या खोलीत करू या का? तिथं पंखा आहे."

"नको वं," त्या म्हणाल्या. "तिले वाईट वाटन."

४

फेब्रुवारीत संदीप घर घ्यायला जवळजवळ तयार झाले होते. यशवंतरावांशी बोलणं झालं होतं, रजिस्ट्रीचा दिवस ठरवायचा बाकी होता. त्या दिवशी जेवताना आई म्हणाल्या, "बाजूची बाई म्हनते, थांबा म्हना. होळीपावेतो आनखी उतरन."

संदीप हसले. पण थांबले.

होळीच्या आधी तीन दिवस रस्त्यापलीकडच्या लेआउटवाल्यानं आपली घरं एकदम स्वस्त काढली आणि यशवंतरावांना दोन लाखांनी खाली यावं लागलं. संदीप त्या दिवशी जिलेबी घेऊन आले. आईंसमोर पुडा ठेवून म्हणाले, "विचार वं आई तिले, आनखी पडन का?"

गंमत म्हणून बोलले ते. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला, "काय म्हनली?"

"थांबा म्हनते."

मी त्या रात्री स्पष्ट सांगितलं, "आपण हे घर सोडू. मला इथं बरं वाटत नाही."

"काहून? काय झालं?"

काय झालं ते मला नीट सांगता येईना. मी फरशीचं सांगितलं. ते खिडकीतून पाहून आले आणि म्हणाले, ओल आहे. माझंच कारण त्यांनी मला परत दिलं.

"एक महिना," ते म्हणाले. "आता सोडलं तं पुन्हा तेच, आडनाव सांगत फिरा. इथं आपलं घर होऊन राहिलं आहे, रूपाली. एक महिना थांब."

मी थांबले. पण आता मी आईंचं बोलणं नीट ऐकू लागले, आणि माझ्या ध्यानात आलं की बाजूची बाई भावाबद्दल आपणहून काहीच विचारत नाही. ती विचारते माझ्याबद्दल. सून घरात आल्यावर आधी काय करते? चप्पल दाराबाहेर काढते की आत? भाकरी थापताना गुणगुणते का, काय गुणगुणते? तुम्हाला हाक कशी मारते? आणि आई सगळं सांगत होत्या. पोरीचं कौतुक कोणाला तरी सांगावं, तसं.

"तिले तुही लय आवड आहे," त्या मला म्हणाल्या. "म्हने, तुमची सून मले डोळ्यासमोर दिसते."

५

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी यशवंतराव स्वतः आले. पंधरा नंबरची चावी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "बाई, साहेबांना सांगा, दोन्ही घरं घेत असान तं मधातली भिंत पाडून देतो. पाहून घ्या आतून. चावी मंग देजा."

सर्दीमुळे मी रजेवर होते, संदीप कामावर. आईंचं जेवण झालं होतं. दुपारचे अडीच वाजले असतील, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, एकदा आत जाऊन पाहिलं की डोक्यातून जाईल. आईंना म्हटलं, "आलेच हं," आणि गेले.

कुलूप सहज उघडलं. मी दार पूर्ण उघडं ठेवलं आणि एक वीट लावली. आत सगळं आमचंच घर होतं, पण उलटं, त्यामुळे मी दोनदा चुकीच्या हाताला वळले. धुळीत माझ्या चपला उमटत होत्या. त्या पाहून मला धीर आला. निदान मी तरी चालत आले होते.

त्या स्वच्छ जागेपाशी मी वाकले. हात लावला. गार, कोरडी. ओल नव्हती. मग का कोण जाणे, पण मी तिथं बसले. पाठ टेकली. एकदा कळू दे तरी, अलीकडचं पलीकडे किती ऐकू येतं ते. मी कान भिंतीला लावला.

आधी आमचा फ्रिज ऐकू आला, त्याची घरघर. मग आईंचं खाकरणं. मग दाराची कडी वाजली. आमच्या दाराची. चपला काढल्याचा आवाज, एक, मग दुसरी. खुंटीवर पर्स अडकवल्यासारखं काहीतरी.

"रूपाली? आली का वं?" आई म्हणाल्या.

"आली ना, आई. चहा टाकते."

तो आवाज माझा होता. माझ्यासारखा नव्हे. सर्दी झाल्यावर मी जशी जरा नाकात बोलते, तसा, आणि त्या आठवड्यात मला सर्दीच होती. गॅसचा लायटर दोनदा वाजला. माझाही पहिल्यांदा कधी पेटत नाही. मग ती भांडं ठेवता ठेवता गुणगुणू लागली.

मी किती वेळ बसले होते, हे मला सांगता येत नाही. दोन मिनिटं म्हणेन. उठले तेव्हा पाय बधिर झाले होते. पुढच्या खोलीत आले तर दार लागलेलं होतं. वीट दाराच्या आत, भिंतीशी नीट उभी करून ठेवलेली. कडी लावलेली नव्हती, दार ओढल्याबरोबर उघडलं. बाहेर ऊन होतं, पण कललेलं. घड्याळात पाच वाजायला आले होते.

मी पळत घरी गेले. आई त्यांच्या जागी बसल्या होत्या, हातात कप. त्यांच्यासमोर खाली दुसरा कप होता, अर्धा प्यालेला. चहावर अजून साय धरली नव्हती. आईंना आम्ही गॅसला हात लावू देत नव्हतो.

माझी चाहूल लागली तशा त्या सावरून बसल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"कोन?"

"मी, आई."

"मी कोन?"

"मी रूपाली."

त्या जरा गोंधळल्या. मग हलकेच म्हणाल्या, "रूपाली तं आताच आतमधी गेली."

मी आतली खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं, मागची जागा पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. माझी पर्स, जी सकाळपासून पलंगावर पडलेली होती, ती खुंटीला अडकवलेली होती.

६

चार दिवसांत आम्ही निघालो. मी कामावर गेले नाही, जेवले नाही, तेव्हा संदीपना ऐकावंच लागलं. दवाखान्यातल्या एका नर्सच्या ओळखीनं लोधीखेड्यात दोन खोल्या मिळाल्या. छत पत्र्याचं, दुपारी भट्टी व्हायची. पण मी तिथं पहिल्या दिवशी गाढ झोपले.

आई झोपल्या नाहीत. आणि त्या मला 'तुमी' म्हणू लागल्या.

"तुमी कायले त्रास घेता, बाई," मी ताट वाढलं की म्हणायच्या. "ठेवा. संदीप घेईन." माझ्या हातून औषध घ्यायच्या, आशीर्वादही द्यायच्या, पण माझ्यासमोर पदर नीट करायच्या, जसा त्या परक्या बाईसमोर करत. मी म्हणायची, "आई, मी रूपाली आहे." त्या मान डोलवायच्या. मला दुखवायचं नाही म्हणून डोलवायच्या. संदीप आले की त्यांच्याशी कुजबुजायच्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

संदीप हसून टाळू लागले. मी सोडलं नाही, तेव्हा म्हणाले, "म्हनते, सून तिकडंच राहून गेली. घाईघाईत दुसऱ्याच बाईले घेऊन आलो आपन." मग लगेच, "साखर वाढली असन. वय झालं."

डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. जागा बदलली की म्हाताऱ्या माणसांचं असं होतं. मीही रोज खिडकीवर अशी माणसं पाहते. मला ते पटलं.

आईंनी जेवण सोडलं तेव्हा संदीप त्यांना एका रविवारी गाडीवर बसवून बावीस घरांकडे घेऊन गेले. "एकदा रिकामं घर दाखवतो, म्हंजे समजन तिले," म्हणाले. संध्याकाळी परतले. आई शांत होत्या, दोन भाकरी खाल्ल्या. संदीपना मी विचारल्यावर म्हणाले, "भाव आनखी पडले."

"घरात काय पाहिलं?"

"काय पाहाचं? रिकामं आहे."

पुढच्या रविवारी ते दोघं पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. नंतर संदीप ड्यूटी संपल्यावर एकटेही जाऊ लागले. एकदा अंगणात हातपाय धुताना त्यांनी अचानक विचारलं, "मी तुले पाहाले आलो होतो, पांढुर्ण्याले मावशीकडं, तवा तू कोनती साडी नेसली होती?"

"निळी," मी म्हटलं.

ते टॉवेल हातात धरून उभे राहिले.

"ती तं हिरवी म्हनते."

"ती कोण?"

त्यांनी तोंड पुसलं आणि आत गेले. त्या रात्री मी जागीच होते. त्या दिवसाचा फोटो नाही. मावशी जिवंत नाहीत. निळी साडी मला लख्ख आठवत होती, पण तिचा काठ आठवायला गेले की तो हिरवा यायचा, आणि मग पदरही.

मेच्या शेवटी संदीपनी इसार दिला. दोन्ही घरं नव्हे, चौदा नंबर एकटंच. मला त्यांनी नाही सांगितलं, यशवंतरावांचा फोन आला म्हणून कळलं. मी भांडले, रडले. म्हटलं, मीही येते तर मग, जे व्हायचं ते होऊ दे. ते आईंची पिशवी भरत राहिले. त्यांचे कपडे, औषधं, चष्मा. माझी एकच वस्तू त्यांनी घेतली, मंगळसूत्राची डबी. मी ते ज्यात काढून ठेवत असे ती रिकामी डबी.

निघायच्या आदल्या दिवशी मी वरण-भात केला. आई आणि संदीप समोरासमोर बसले होते. मी संदीपना भात वाढायला वाकले तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. बसमध्ये एखाद्या बाईला जागा देताना माणूस पाहतो, तसं.

"बस झालं," ते म्हणाले. "तुमी पन जेवून घ्या आता."

लग्नाला बारा वर्षं झाली. त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

"कोणाला म्हणून राहिले?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. आईंनी हात लांब करून त्यांचा गुडघा शोधला आणि हळू आवाजात समजावलं, "असं नको बोलू, बापा. आजवर चांगलं केलं तिनं आपलं."

सकाळी टेम्पो आला, ते दोघं बसले, आणि गेले. मी दाराला कुलूप लावून दवाखान्यात आले. त्या दिवशी तापाचे पेशंट फार होते. रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. मी गोळ्या देत असताना एका म्हातारीनं खिडकीच्या गजांतून माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सहज विचारलं, "नवीन आल्या का वं, बाई? नाव काय तुमचं?"

मागचे लोक पुढं सरकत होते. म्हातारी वाट पाहत उभी होती. मला उत्तर द्यायला वेळ लागला.